अण्णांचे चाळीस घोडे

आमच्याकडे चाळीस घोडे आहेत, असे मी अकरा वर्षांचा असताना भर वर्गात सांगितले होते. १९८६ साल होते. अण्णांनी सारी शिल्लक बाहेर काढून आणि वर सोसायटीचे कर्ज काढून पांढरी प्रीमियर पद्मिनी घेतली होती, आणि तिच्याबरोबर आलेली पुस्तिका रात्रीच्या जेवणानंतर आम्हा भावंडांना पोथीसारखी वाचून दाखवली होती. त्या पुस्तिकेत ‘४० अश्वशक्ती’ असे मी ऐकले होते. मी ते जसेच्या तसे वर्गात सांगितले. मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, “मग शेण कुठे टाकता रे?”

सगळा वर्ग हसला. मी रडवेला होऊन घरी आलो आणि अण्णांना जाब विचारला.

अण्णा विज्ञानाचे शिक्षक. मुलाने प्रश्न विचारला की त्यांना जेवणाचेही भान राहत नसे. ते हसले नाहीत. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर त्यांनी एक विहीर काढली, विहिरीवर मोट काढली आणि धावेवरून खाली उतरणारे दोन बैल काढले. (बैल कुत्र्यासारखे दिसत होते, चित्रकला हा त्यांचा विषय नव्हता.)

“आमच्या गावच्या विहिरीवर मी मोट हाकलेली आहे,” ते म्हणाले. “समज, मोटेत दीडशे लिटर पाणी मावते. म्हणजे दीडशे किलो वजन. पाणी दहा मीटर खोल. मोट वर यायला अर्धा मिनिट लागतो. काम किती झाले? दीडशे गुणिले दहा, पंधराशे. ते तीस सेकंदांत झाले. म्हणजे सेकंदाला पन्नास. आता सेकंदाला पंचाहत्तर किलो वजन एक मीटर उचलणे, याला म्हणायचे एक अश्वशक्ती. तेव्हा आमचे दोन बैल मिळून झाले दोनतृतीयांश घोडा.”

“आणि तुम्ही एकट्याने मोट ओढली तर?”

“कप्प्या लावल्या तर मीसुद्धा ओढीन. पाणी तेवढेच येईल. फक्त संध्याकाळ होईल. काम तेवढेच रे. ते किती वेळात झाले, त्यात शक्ती.”

हे वाक्य मला पाठ झाले. त्याचा अर्थ मात्र परवा, वयाच्या पन्नाशीत कळला. तेच सांगण्यासाठी हा लेख.

घोड्याचे हे माप काढले जेम्स वॅटने, १७८० च्या दशकात. गिरणी किंवा मद्याच्या भट्टीवाला विचारी, ‘तुमचे वाफेचे इंजिन घेतले तर माझे किती घोडे सुटतील?’ गिऱ्हाइकाला त्याच्याच भाषेत उत्तर दिले पाहिजे, हे वॅट चांगले जाणत होता. तेलाच्या घाण्याला आपल्याकडे बैल फिरे, तसा तिकडे गिरणीला घोडा फिरे. बारा फूट त्रिज्येच्या वर्तुळात, तासाला १४४ फेऱ्या, आणि ओढ १८० पौंडांची. गुणाकार केला तर मिनिटाला साडेबत्तीस हजार फूट-पौंडांच्या थोडे वर जाते. वॅटने ते सरळ ३३,००० केले. आज आपण विजेच्या दिव्यावर वाचतो ते वॅट त्याच्याच नावाचे. असे ७४६ वॅट म्हणजे इंग्रजी अश्वशक्ती. अण्णांचा पंचाहत्तरचा हिशेब युरोपातल्या मेट्रिक घोड्याचा. तो किंचित अशक्त, साडेसातशेला पंधरा कमी, म्हणजे सुमारे ७३५ वॅटचा. गंमत अशी की, खरा घोडा थोड्या वेळापुरता जवळजवळ पंधरा अश्वशक्तीपर्यंत जाऊ शकेल, असा हिशेब शास्त्रज्ञांनी १९९३ साली मांडला. वॅटचा घोडा मात्र दिवसभर राबणारा होता. तात्पर्य, ‘शक्ती किती?’ या प्रश्नाला ‘किती वेळ? आणि कुठे मोजली?’ हे उलटे प्रश्न विचारल्याशिवाय उत्तर नाही.

आता अलीकडची गोष्ट.

अण्णांना एक्क्याऐंशी पुरी झाली. गाडी चाळिशीला आली. दोघेही रोज सकाळी एक फेरी मारीत. गेल्या वैशाखात एका संध्याकाळी पुलाच्या चढावर गर्दीत गाडी थांबली, पुन्हा सुटताना अडखळली आणि दोन हात मागे घसरून मागच्या रिक्षाला टेकली. कुणाला काही लागले नाही. रिक्षावाल्याने “आजोबा, सांभाळून” एवढेच म्हटले. पण अण्णा घरी आले ते न बोलता, आणि सौ.ने माझ्याकडे पाहिले ते बरेच काही बोलत.

त्या रात्री आम्ही नवराबायकोने ठरवले की अण्णांना आता गाडी चालवू द्यायची नाही. ठरवणे सोपे होते, सांगायचे कुणी? ज्या माणसाने आपल्याला सायकलपासून सर्व काही शिकवले, त्याला ‘तुमचे हातपाय आता चालत नाहीत’ हे कोणत्या तोंडाने सांगायचे? मग मी, बरेच मुलगे करतात तेच केले. मी गाडीवर ढकलले.

“अण्णा, गाडीचा दम संपला हो,” मी म्हणालो. “इंजिनात आता काही राहिलेले नाही. चढावर ओढत नाही, म्हणून तर मागे आली. काढून टाकू.”

अण्णांनी वर्तमानपत्र खाली ठेवले.

“दम संपला? किती संपला?”

“म्हणजे?”

“चाळीस होते. आता किती आहेत?”

मी म्हणालो, “असतील पंधरा-वीस.” माझ्या तोंडून आकडा गेला आणि मी अडकलो. शिक्षकापुढे उत्तर दिले की रीत दाखवावी लागते.

“मोजू,” अण्णा म्हणाले. “वीसच्या खाली निघाले तर तू म्हणशील तसे.”

दुसऱ्या दिवसापासून घराची प्रयोगशाळा झाली. माझी कन्या नववीत आहे. ती आजोबांची मदतनीस झाली. पहिल्या दिवशी कागदावरचा हिशेब. पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे. सिलिंडर चार, व्यास ६८ मिलिमीटर, दट्ट्याची चाल ७५ मिलिमीटर. इंग्लंडात पूर्वी मोटारीवर कर बसवण्यासाठी एक सूत्र होते: सिलिंडरच्या व्यासाचा इंचांत वर्ग करा, सिलिंडरच्या संख्येने गुणा, अडीचने भागा. ऑस्टिन सेव्हन, मॉरिस एट ही नावे त्या कराच्या घोड्यांवरून पडली. आमच्या गाडीला ते सूत्र लावले तर उत्तर आले साडेअकरा!

कन्या घाबरली. “आजोबा, बाबांच्या पंधरापेक्षाही कमी!”

“अग, हे सरकारी घोडे,” अण्णा म्हणाले. “या सूत्रात दट्ट्याचा वेग मिनिटाला हजार फूटच धरलेला आहे आणि दट्ट्यावरचा सरासरी दाब चौरस इंचाला ६७ पौंड. आपले इंजिन मिनिटाला ४८०० फेरे करते तेव्हा दट्ट्या हजार नव्हे, जवळजवळ चोवीसशे फूट धावतो. आता साडेअकराचे किती झाले? सत्तावीस. आणि दाब ६७ नव्हे, शंभराच्या जवळ. आता?”

कन्येने गुणाकार केला आणि ओरडली, “चाळीस!”

“म्हणून इंजिन केवढे मोठे, यावरून शक्ती कळत नाही. तुमची मारुती ८०० आली १९८३ साली. इंजिन ७९६ सीसीचे, सिलिंडर तीनच. तरी शक्ती जवळजवळ आपल्याइतकीच. लहान बैल, पण झपझप फेऱ्या मारणारा.”

“म्हणजे सिद्ध झाले,” मी सुटकेच्या आशेने म्हणालो.

“काय सिद्ध झाले? हे कागदी घोडे. ते नवे असताना किती होते ते कळले. आता किती आहेत, ते रस्ता सांगेल.”

मग वजनकाट्यावर गाडी गेली. अण्णा आणि मी आत बसलेलो, टाकीत थोडे पेट्रोल, एकूण १०६० किलो. काट्यावरच्या मुलाने “माल कुठाय?” असे विचारले तेव्हा अण्णांनी गंभीरपणे माझ्याकडे बोट दाखवले.

त्या रात्री त्यांनी जो हिशेब केला तो इतका देखणा होता की मी माझे कारस्थान घटकाभर विसरलो. ते म्हणाले, “गाडी थांबलेली आहे. तिला ताशी ६० किलोमीटरच्या वेगाला न्यायची. यात काम किती? ६० च्या वेगाने वस्तू सरळ वर फेकली तर ती किती उंच जाईल, तेवढी उंची मोज. येते चौदा मीटर आणि थोडे. म्हणजे गाडीला ६० चा वेग देणे हे ती चौथ्या मजल्याच्या वर उचलण्याइतके काम आहे. पुन्हा आपली मोटच! १०६० किलोची मोट, चौदा मीटरची विहीर. पंचाहत्तरने भागले तर येतात दोनशे. आता या दोनशेला सेकंदांनी भागायचे, बस्स. दहा सेकंद लागले तर वीस घोडे, वीस लागले तर दहा.”

“पण हवेचा विरोध? टायरचे घर्षण?”

“शाबास. तेही मोजू. ६० वर गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची आणि ५० वर यायला किती सेकंद लागतात ते पाहायचे. तिला जो अडवतो, त्याचीही शक्ती त्याच मापाने कळते.”

एका रविवारी उजाडताच आम्ही शहराबाहेर गेलो. एका नव्या वसाहतीचा रस्ता तयार होता, घरे उभी राहायची होती. सरळ, सपाट, निर्मनुष्य. बरोबर कन्या, आणि वीस वर्षे ही गाडी सांभाळणारे आमचे मिस्त्री. गाडी दोन्ही दिशांनी पळवायची, म्हणजे वारा आणि उतार यांचा हिशेब फिटतो, असे अण्णांनी सर्वांना बजावले.

प्रथम न्यूट्रलची परीक्षा झाली. ६० वरून ५० वर यायला दहा सेकंद लागले. म्हणजे त्या वेगाला वारा आणि रस्ता मिळून सहा घोडे खात होते.

मग मुख्य परीक्षा. अण्णा चाकावर, मी शेजारी घड्याळ घेऊन. “सुरू!” गाडी निघाली. पहिला गिअर, मग दुसरा. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर ओढताना अण्णांचा हात थांबला. डावा पाय क्लचवर पुरता गेला नव्हता. गिअर करकरला. पुन्हा क्लच, पुन्हा गिअर. तोवर गाडी मंदावली होती. तिसऱ्या गिअरला पुन्हा तेच. साठावर काटा आला तेव्हा पंचवीस सेकंद झाले होते. उलट दिशेनेही पंचवीस.

“दोनशे भागिले पंचवीस,” अण्णा म्हणाले. “आठ. वाऱ्याचे सरासरी तीन धर. अकरा.”

ते खाली उतरले आणि गाडीच्या बॉनेटवर त्यांनी हात ठेवला. त्यांचा चेहरा मी पाहिला आणि दुसरीकडे पाहू लागलो. माझे म्हणणे खरे ठरले होते! वीसच्या कितीतरी खाली. गाडी जाणार, कुणाला काही बोलावे लागणार नाही. मी सुटलो होतो.

पण मिस्त्री पुढे आले. “मास्तर, मी एकदा बसू?”

मी त्यांच्याकडे डोळे मोठे करून पाहिले. त्यांनी ते पाहिले नाही, किंवा पाहायचे नाही असे ठरवले. मिस्त्री आणि अण्णा वजनाला जवळपास सारखेच, तेव्हा हिशेब बदलायला नको होता. मी पुन्हा शेजारी बसलो. अण्णा रस्त्याच्या कडेला पाठीमागे हात बांधून, डोळे मिटून, नुसता आवाज ऐकत उभे राहिले.

चौदा सेकंद. दोन्ही दिशांनी चौदा.

“दोनशे भागिले चौदा, चौदा आणि थोडे,” कन्या म्हणाली. “अधिक तीन, सतरा. असे कसे आजोबा? इंजिन तर तेच.”

अण्णा काही बोलले नाहीत. बराच वेळ गेला. मग ते म्हणाले, “आता गिअर बदलायचाच नाही. तिसऱ्यात घालून ४० वर न्यायची आणि मग पूर्ण ॲक्सिलरेटर. ४० पासून ६० पर्यंतचे सेकंद मोजायचे. आधी मिस्त्री, मग मी.”

मिस्त्रींना सहा सेकंद लागले. अण्णा बसले. काटा ४० वर आला, त्यांनी पाय दाबला, आणि जुनी पद्मिनी अशी काही गरजली की मला १९८६ साल आठवले. सहा सेकंद.

अण्णांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले आणि कन्येच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहिले. ४० ते ६० म्हणजे सुमारे आठ मीटरची उंची, भागाकाराला १११. भागिले सहा, साडेअठरा. वारा-रस्ता पाच. गिअरपासून चाकापर्यंत जे मुरते ते शेकडा पंधरा धरले, तर इंजिनाजवळ सत्तावीस. त्या वेळी इंजिनाचे फेरे तीन हजार दोनशेच्या आसपास. पुस्तिकेतले ४० हे ४८०० फेऱ्यांवरचे. त्या प्रमाणात यायला हवेत सत्तावीसच.

“घोडे सगळे जागेवर आहेत,” ते म्हणाले. “एकही मेलेला नाही.”

मिस्त्री जमिनीकडे पाहू लागले. अण्णांनी वहीत दोन आकडे शेजारीशेजारी लिहिले, २५ आणि १४, आणि खाली रेघ ओढून वजाबाकी केली. अकरा.

“हे अकरा सेकंद इंजिनाचे नाहीत,” ते म्हणाले. “हे माझे आहेत. डाव्या गुडघ्याचे काही, हाताचे काही. पुलावरही तेच झाले. क्लच सुटायला उशीर झाला.” मग माझ्याकडे वळून, “तुला हे ठाऊक होते?”

पन्नाशीच्या माणसाला वर्गात उभे केल्यासारखे झाले. मी मान हलवली.

“मग गाडीला नावे का ठेवलीस?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. ‘तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून’ हे ओठांवर आले होते, पण ते पुरते खरे नव्हते. मला बोलायचे धाडस नव्हते, म्हणून. मी तसेच सांगितले.

अण्णा थोडा वेळ समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “चूक यंत्राची की माणसाची, हे वेगळे काढता येते रे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तुम्हाला नववीत शिकवले होते.” आणि त्यांनी किल्ली काढून माझ्या हातात दिली. रागाने नाही, प्रयोग संपल्यावर उपकरण कपाटात ठेवायला देतात, तशी.

परत येताना गाडी मी चालवली. अण्णा शेजारी. घाईत गिअर बदलला की ते अजूनही “क्लच पुरता दाब” म्हणतात. गाडी विकलेली नाही. पैजेप्रमाणे विकायचे कारणच उरले नाही. सत्तावीस हे वीसपेक्षा जास्त आहेत. दर रविवारी आम्ही एक फेरी मारतो. एकदा मी त्यांना विचारले की वाईट वाटते का. ते म्हणाले, “आकडा माझा मीच काढला. दुसऱ्याने तोंडी सांगितला असता तर वाईट वाटले असते.”

आमचे घर दुसऱ्या मजल्यावर आहे; जमिनीपासून सहा मीटर. त्या रविवारी वर चढताना कन्या घड्याळ घेऊन आजोबांच्या मागे होती. तिला आता सगळ्यांचेच घोडे मोजायचे वेड लागले होते. अण्णा कठड्याला धरून, प्रत्येक वळणावर थांबत, वर आले. दीड मिनिट. वजन साठ किलो. तिने दारातच हिशेब केला आणि जरा चाचरत म्हणाली, “आजोबा, तुम्ही घोड्याचा एकोणिसावा भाग आलात.”

अण्णांनी चपला काढून कोपऱ्यात नीट ठेवल्या.

“असेन,” ते म्हणाले. “पण काम किती झाले ते सांग.”

“साठ गुणिले सहा. तीनशेसाठ.”

“आणि मी तिशीत असताना पळत वर आलो असतो तर?”

ती क्षणभर थांबली. “तेव्हाही वजन साठच असते तर... तेवढेच.”

“मग झाले तर,” असे म्हणून अण्णा आत गेले आणि त्यांनी सौ.ला हाक मारून चहा टाकायला सांगितला.